दोन साड्या कुठे गेल्या

उभ्या सुरतेत भर उन्हाळ्यात पंखा बंद करून शिकवणारी बाई एकच होती, आणि माझं नशीब असं की ती नेमकी माझ्या वर्गाच्या फळीपलीकडे होती. फळीच म्हणायची, कारण गोडादऱ्यातल्या आमच्या मराठी शाळेत तिसरी अ आणि तिसरी ब यांच्यामध्ये भिंत नव्हती. एका मोठ्या खोलीचे दोन वर्ग करताना मधोमध प्लायवूड ठोकलं होतं, आणि ते जमिनीपासून चांगलं चार बोटं वर राहिलं होतं. अलीकडे मी, पलीकडे त्या. हजेरीपटावर त्यांचं नाव-आडनाव व्यवस्थित होतं, पण शिपायापासून आचार्यांपर्यंत सगळे त्यांना ‘तिसरी ब च्या बाई’ असंच म्हणत. मुख्याध्यापकांना गुजरातेत आचार्य म्हणतात. आमचे आचार्य मराठीच होते, पण त्या शब्दाने त्यांची मान थोडी ताठ राहायची. नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. शाळेच्या मागच्या शेडमध्ये पॉवरलूमचे माग दिवसरात्र खडखडत असत. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय होती, की वीज जाऊन माग थांबले की मुलं दचकून वर बघायची.

पंख्याशी बाईंचं वैर जडलं ते टिकल्यांमुळे. आमच्या शाळेतली निम्मी मुलं अशा घरांतली होती, जिथे बाप मागावर आणि आई घरी साड्यांचं काम करते: कुणी साड्यांना टिकल्या लावते, कुणी लोंबते धागे कापते. टिकल्या लावताना ज्या वाकड्या निघत, रंग उडालेल्या असत, त्या बाईंनी घरोघर फिरून जमवल्या होत्या. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा भरून. गणिताचा तास आला की तिसरी ब खाली जमिनीवर बसायची आणि टिकल्यांच्या रांगा लावायची. दहाची रांग, सहाची रांग, आठाच्या आठ रांगा. पंखा लावला की सगळा पाढा उडणार, म्हणून पंखा बंद. एकदा शिपायाला मुलांची दया आली आणि त्याने बटण दाबलं, तर आठचा पाढा फळीखालून सरळ माझ्या वर्गात आला. माझी मुलं वह्या टाकून टिकल्या वेचायला धावली. मी छडी आपटली. पलीकडून बाईंचा आवाज आला, “गुरुजी, तुमच्याकडे किती आल्या तेवढं सांगा, म्हणजे आमच्याकडे किती राहिल्या ते आम्ही काढतो!”

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी बिचारा. मी मूळचा जालन्याकडचा. थोरल्या भावाच्या पाठोपाठ सुरतेला आलो आणि शाळेत चिकटलो. माझं अक्षर मोत्यासारखं, आणि त्याचा मला जो काही गर्व होता तो आता आठवला तरी हसू येतं. वर्गात शिरलं की मी टाचणवही, म्हणजे तासाची तयारी लिहिलेली वही, उघडायचो आणि फळा या टोकापासून त्या टोकापर्यंत गणितांनी भरायचो, उत्तरांसकट. मुलं ती उतरवून घ्यायची. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मग लाल शाईने प्रत्येक वहीत बरोबरची खूण आणि खाली झोकदार सही. पालक यायचे, वही उलटून बघायचे आणि हात जोडायचे. भरलेली वही म्हणजे शिकलेला पोरगा, हे गणित त्यांनाही पटलेलं होतं आणि मलाही. तिसरी ब च्या वह्या मात्र कोऱ्या. एकदा एक कारागीर पाळी सुटल्यावर अंगावरच्या सुतासकट शाळेत आला आणि बाईंना म्हणाला, “बाई, पोरनी वही कोरी अन् डोकामां टिकल्याच टिकल्या! हाई काय शिकाडी राहिन्यात तुम्ही?” बाई धुळ्याकडच्या, अहिराणी त्यांच्या घरचीच. त्यांनी त्याला शांतपणे बसवलं आणि त्याच्या लेकीला विचारलं, “तुना बापना शर्टले कितल्या गुंड्या शेतस? असा चार शर्ट व्हयनात तर?” पोरीने बापाच्या छातीवर बोट ठेवून गुंड्या मोजल्या, एक तुटलेली निघाली, आणि तिने तुटलेली धरून आणि न धरून अशी दोन्ही उत्तरं दिली. बाप गुंडीवर हात ठेवून निघून गेला.

त्यांच्या वर्गाचा गोंधळ अनावर झाला की मी फळीवर पट्टी ठोकायचो. रागाने ठोकायचो, चांगली पाच-सात वेळा. पलीकडे क्षणभर शांतता व्हायची आणि मला वाटायचं, चला, वचक आहे आपला. महिनाभराने कळलं की ती शांतता मोजण्याची होती. बाई त्यांना सांगायच्या, “आज गुरुजींच्या सात झाल्या. कालच्या पाच. दोन्ही मिळून?” माझ्या संतापाची त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात रीतसर नोंद ठेवली होती, सोमवार ते शनिवार. हे कळल्यावर मी ठोकणं बंद केलं. दुसऱ्याच दिवशी एक चिमुरडी माझ्या दारात येऊन उभी राहिली. “गुरुजी, बाईंनी विचारलंय, आज टकटक नाही का? मग आम्ही शून्य लिहू?” मी इतका चिडलो की जाऊन पुन्हा ठोकलं, आणि पलीकडून आनंदाने एकच कल्ला झाला: “चाऽऽर!”

चपलांची हकीकत तर आमच्या शाळेत अजून सांगतात. मुलं चपला वर्गाबाहेर काढत, त्यामुळे व्हरांड्यात नेहमी ढीग पडलेला असे. बाईंनी एके दिवशी सहाच्या पाढ्यासाठी त्या चपला सहा-सहाच्या रांगांत लावायला सांगितल्या. त्या दिवशी नेमक्या वीस जोड्या होत्या, म्हणजे चाळीस चपला. सहा रांगा पुऱ्या झाल्या आणि सातव्या रांगेत दोन कमी पडल्या. अपुरी रांग तिसरी ब ला सहन होत नसे. थोड्या वेळाने आचार्य ऑफिसातून अनवाणी बाहेर आले आणि तापलेल्या फरशीवर पाय उचलत विचारू लागले, “माझ्या चपला कुणी पाहिल्या का?” एका मुलाने अदबीने उत्तर दिलं, “सर, तुमच्या एक्केचाळीस आणि बेचाळीस आहेत.” आचार्यांनी चपला घालायला पाय पुढे केला, तर तोच मुलगा कळवळला, “सर, थांबा ना, सहा साती झालं नाही अजून!” आणि आचार्य खरोखर थांबले. सहा साती बेचाळीस होईपर्यंत ते एका पायावर उभे होते.

बारडोलीच्या सहलीला गेलो तेव्हा तर बाईंनी कहरच केला. साखर कारखाना बघून झाला, रस्त्यावर ऊस घेतला, आणि मुलांच्या तोंडाला पाणी सुटलेलं असताना बाईंनी फर्मान काढलं, की आधी सगळ्यांना सारखा वाटा कसा येईल ते ठरवा, मग दात लावा. पोरं कांडी मोजू लागली. कुणाची कांडी लांब, कुणाची आखूड, मग लांबीने वाटायचं की कांड्यांनी, यावर अर्धा तास वाद. माझी तिसरी अ तोवर ऊस खाऊन चोयट्या टाकून मोकळी झाली होती. मी बाईंना म्हटलं, “अहो, खाऊ द्या की लेकरांना. सहल आहे ना?” त्या म्हणाल्या, “गुरुजी, तुमच्या लेकरांनी ऊस खाल्ला. आमची ऊस आणि भागाकार दोन्ही खातील.” मला राग आला, आणि खरं सांगतो, तो त्या खोटं बोलल्या म्हणून आला नव्हता.

अशा बाईंचं आचार्यांशी किती दिवस जमणार? फेब्रुवारीत निरीक्षक साहेबांच्या तपासणीचं पत्र आलं आणि आचार्यांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. “बाई, तुमच्या वह्या कोऱ्या दिसल्या तर शेरा माझ्या शाळेवर येतो,” ते म्हणाले. “या तपासणीत तिसरी ब च्या वह्या भरलेल्या दिसल्या नाहीत, तर तुमच्याकडचं गणित मी काढून घेणार. तुम्ही शिवण आणि चित्रकला घ्या. दोन्ही वर्गांचं गणित गुरुजी घेतील.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमच्या मुलांच्या वह्या दोन दिवस तिसरी ब ला द्या. उतरवून होऊ द्या.” मला आतून गुदगुल्या झाल्या हे कबूल करतो. बाहेर आल्यावर पाण्याच्या नळाशी बाई जराशा थांबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “गुरुजी, मी सगळी शाळा उतरवून पास झाले. माझ्या वह्या तुमच्या मुलांच्या वह्यांपेक्षा सुंदर होत्या. भागाकार म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते. लग्न होऊन इथे आले होते, घरी साड्यांच्या घड्या घालत होते. एकदम कळलं. घडी हातात धरून मी रडले होते. एवढंच वाटतं हो, की माझ्या पोरांना तेवढा उशीर नको व्हायला.” एवढं बोलून त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि वर्गात गेल्या. मी उगाच नळ घट्ट बंद केला.

दोन दिवस तिसरी ब मध्ये पंखा चालू होता. शाळेला ते ऐकून चुकल्यासारखं वाटत होतं. मुलं खाली माना घालून माझ्या मुलांच्या वह्या उतरवत होती आणि बाई मागच्या बाजूला टिकल्यांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पण त्या पोरांना वर्षभर एकच शिकवण होती, “पह्यले मोज, मंग लिख.” त्यामुळे त्यांचं उतरवणंही धड होईना. प्रत्येक गणिताशी थांबायची, बोटं मोडायची, ओठ हलवायची आणि पटलं की मगच लिहायची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जेमतेम निम्म्या वह्या झाल्या. शाळा सुटायच्या थोडं आधी तिसरी ब मधली रंजना नावाची एक मुलगी माझ्या टेबलाशी आली. तिची आई घरी साड्यांचे धागे कापायची, आणि रंजना शाळेतून गेली की आईबरोबर गठ्ठ्यातल्या साड्या मोजायला बसायची. तिने वही पुढे धरून विचारलं, “गुरुजी, दोन साड्या कथा गयात?” मी माझ्या टाचणात गढलेलो होतो. वर न बघताच म्हणालो, “लिहिलंय तसं उतरव. डोकं लावू नकोस.” ती वही घेऊन परत गेली.

तिसऱ्या दिवशी निरीक्षक साहेब आले. सुरतेचेच गुजराती गृहस्थ, बारीक, पांढऱ्या बुशशर्टातले, मराठी समजणारे आणि थोडं बोलणारेही. माझ्या वर्गात त्यांनी चार वह्या उलटल्या, “अक्षर सरस छे,” म्हणाले, आणि माझी छाती फुगली. मग सगळे तिसरी ब मध्ये गेलो. तिथे पहिली वही अर्धी, दुसरी अर्धी, तिसरी त्याहून कमी. आचार्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता दोन्ही वर्गांचं गणित तुमचंच. साहेबांनी रंजनाची वही उचलली. एका गणिताखाली उत्तराची जागा रिकामी होती. गणित असं: एक ताका, म्हणजे मागावरून उतरलेलं कापडाचं अख्खं ठाण, ९६ मीटरचा आहे. एका साडीला ६ मीटर कापड लागतं. साड्या किती होतील? “हे का सोडलं?” साहेबांनी विचारलं. रंजनाने बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, “सांग. घाबरू नको.” तेव्हा तिने कालचाच प्रश्न पुन्हा विचारला, “साहेब, दोन साड्या कथा गयात?”

सुरतेच्या माणसाला काही कळो न कळो, साड्या कमी भरल्या की त्याचे कान टवकारतात. साहेब म्हणाले, “कुठल्या दोन?” रंजना म्हणाली, वहीत चौदा आहेत आणि तिच्या सोळा होतात. “दाखव.” तिने आधी जाऊन पंखा बंद केला. त्या शाळेत निरीक्षकाच्या डोक्यावरचा पंखा बंद करण्याची हिंमत दुसऱ्या कुणाचीच झाली नसती. मग ती खाली बसली आणि डब्यातून टिकल्या काढून रांगा लावू लागली. एक टिकली म्हणजे एक मीटर, सहाची रांग म्हणजे एक साडी. मागे माग खडखडत होते आणि सगळ्यांचे डोळे त्या टिकल्यांवर होते. साहेबांच्या कपाळावर घाम आला, तरी ते हळूहळू वाकले आणि शेवटी पोरांमध्ये मांडी घालून बसले. पेनच्या टोकाने त्यांनी एकेक रांग मोजली. चौदा. पंधरा. सोळा. टिकली एकही उरली नाही. “सोळ. बराबर छे,” ते म्हणाले आणि बसल्या जागेवरून त्यांनी तिसरी अ च्या सगळ्या वह्या मागवल्या.

एकूणएक वहीत चौदा होते. एकूणएक चौदाशेजारी माझी लाल खूण होती आणि खाली माझी झोकदार सही. आचार्य घाईने म्हणाले, “मुलांनी उतरवताना चूक केली असेल, साहेब.” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. बाईंनीही माझ्याकडे पाहिलं. त्यांना बोलायचं असतं तर तेवढ्यात त्या खूप बोलू शकल्या असत्या. मी म्हणालो, “मुलांनी बरोबर उतरवलंय. चूक माझी आहे. माझ्या टाचणातच चौदा आहे. नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा चुकलं असेल. तेव्हापासून दर वर्षी मी टाचणातून फळ्यावर उतरवतो आणि मुलं फळ्यावरून वहीत.” साहेब म्हणाले, “नव वरस? आणि कोणी विचारलं नाही?” “काल या मुलीने विचारलं,” मी म्हणालो. “मी तिला उतरव म्हणालो.”

साहेब उठले, पँटला चिकटलेली एक टिकली काढून त्यांनी रंजनाच्या हातावर ठेवली आणि शेरेबुक मागितलं. त्यात त्यांनी लिहिलेलं मला आजही अक्षर न् अक्षर पाठ आहे. तिसरी अ: अक्षर उत्तम. तिसरी ब: वह्या अपूर्ण, गणित पूर्ण. आचार्यांनी ते दोनदा वाचलं आणि शिवण-चित्रकलेचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. शाळा सुटल्यावर मी बाईंना म्हणालो, “बाई, माझी माफी...” त्यांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, “गुरुजी, आज टकटक किती लिहू ते सांगा आधी. दिवसभरात एकही नाही तुमची.” आणि इतक्या जोरात हसल्या की मलाही हसावंच लागलं. त्यानंतर माझ्याही वर्गातला पंखा गणिताच्या तासाला बंद होऊ लागला. माझी मुलं कुरकुरली, बायकोने घामाने भिजलेल्या सदऱ्यांवरून बोल लावले, पण मी ऐकलं नाही. ज्या शाळेत ती बाई शिकवत होती त्या शाळेत मी होतो, हे मी आजही कुणाला सांगताना ताठ बसतो. माझ्या नोकरीत अभिमान वाटावा असं काय केलं म्हणून कुणी विचारलं, तर मी सांगतो की मी तिसरी ब च्या शेजारी शिकवलं.

पुढे तीन वर्षांनी बाईंची भेस्तानच्या शाळेत बदली झाली. जाताना डब्यातल्या निम्म्या टिकल्या त्या मला देऊन गेल्या, अर्थातच मोजून. त्यांच्या जागी एक शांत, नव्या बाई आल्या. फळीपलीकडून आवाज येईनासा झाला आणि मला वर्गात करमेनासं झालं. तेव्हापासून मी दर वर्षी फळ्यावर तेच गणित लिहू लागलो, ९६ मीटरचा ताका, आणि खाली मुद्दाम उत्तर चौदा. खूण करायची नाही, काही बोलायचं नाही, खडू ठेवून उभं राहायचं. पहिल्या वर्षी सगळ्यांनी माना खाली घालून उतरवलं, तेव्हा मी तेच गणित दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी मागच्या रांगेतून आवाज आला, “गुरुजी, दोन साड्या कमी कशा?”

मला इतका आनंद झाला की काय करावं कळेना. हातात पट्टी होती. मी गेलो आणि फळीवर ठोकत सुटलो. पलीकडचा वर्ग भेदरून चिडीचूप झाला, आणि नव्या बाई धावत दारात आल्या. “गुरुजी, आमचा गोंधळ होतोय का?” मी म्हणालो, “नाही हो बाई, चालू द्या तुमचं.” त्या बिचाऱ्या गोंधळून परत गेल्या. पलीकडे आता कुणीही मोजत नव्हतं. मी फळीला हात लावून थोडा वेळ तसाच उभा राहिलो. तेवढ्यात माझ्याच वर्गातून, माझ्या पाठीमागून, कुणीतरी हळूच म्हणालं, “सात.”